आधी बैठक, मग आवाज

 

आज आम्ही बोलणार आहोत घरातल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरबद्दल. तुम्ही म्हणाल, गाणी तर मोबाईलवर मिळतात, मग हे जुनं धूड कशाला? आम्हीही तेच म्हणत होतो.

आमच्या गटात एक आत्या आहेत. माहेर दौंडचं, सासर भीमेच्या अलीकडं, आमच्या शिरूर तालुक्यात. वडील रेल्वेत होते. त्यांचा रेकॉर्ड प्लेअर आणि वीसेक तबकड्या आत्यांकडं आल्या, आणि माळ्यावर पडून राहिल्या. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्या म्हणाल्या, "आईच्या आवडीची हिराबाई बडोदेकरांची तबकडी एकदा ऐकायचीय गं. माझे कान किती दिवस साथ देतील, काय सांगावं."

यंत्र खाली काढलं, लोखंडी ट्रंकेवर ठेवलं आणि तबकडी लावली. तेलात मोहरी तडतडावी तशी खरखर. सुई मध्येच उडी मारायची. हिराबाईंचा आवाज जणू विहिरीच्या तळातून येत होता. आत्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. घरातलं पोरगं म्हणालं, "उद्या भंगारवाला येणारच आहे." आम्ही ठरवलं, रथसप्तमीपर्यंत तरी थांबायचं.

आता आमच्या दोन चुका ऐका, म्हणजे तुमच्या हातून होणार नाहीत.

पहिली चूक, आम्ही मोठा स्पीकर मागून आणला. झालं काय, खरखरही मोठी झाली. भरड दळलेलं पीठ मोठ्या परातीत ओतलं म्हणून बारीक होत नाही.

दुसरी चूक फार लागली. एक तबकडी आम्ही स्पिरिटनं पुसली. कापूस काळा झाला, तबकडीची चमक गेली, आणि त्या जागी कायमची घरघर राहिली. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर किडे जी लाख करतात, जिच्या बांगड्या होतात, तीच ही लाख. सुतार हीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो. म्हणजे आम्ही गाणंच विरघळवलं. ती तबकडी वडिलांची आवडती होती, हे आत्यांनी नंतर सांगितलं. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पण त्या दिवशी बोलता बोलता आत्यांनी माहेरची गोष्ट काढली. दौंड मोठं जंक्शन. इकडं सोलापूरची लाइन, तिकडं मनमाडची. गाडी गेली की क्वार्टर हलायचं आणि सुई उडायची. मग त्यांच्या आईनं घोंगडीची घडी घातली, तिच्यावर जड फरशी ठेवली आणि त्यावर यंत्र. त्यानंतर गाडी गेली तरी गाणं चालू राहायचं.

आमच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आमचं घर रस्त्याला लागून, आणि हंगाम उसाचा. ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिवसरात्र जातात. त्यात पोकळ ट्रंक, म्हणजे ढोलच. तबकडीच्या खाचा केसासारख्या बारीक. सुई त्या खाचेतली थरथर टिपते आणि तिचाच आवाज होतो. पण सुईला गाण्याची थरथर कोणती आणि ट्रॅक्टरची कोणती, हे कळत नाही. जे हलेल ते ती ऐकवते.

मग आम्ही खालून वर दुरुस्ती करत गेलो. तोच क्रम सांगतो.

पहिली बैठक. ट्रंक काढून भक्कम लाकडी टेबल घेतलं. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या घड्या, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा आणि वर यंत्र. गवंड्याची पाणसळ थाळीवर ठेवून सगळीकडून सपाट केलं. जातं नीट बसलं नाही तर दळण एका अंगाला पडतं, तसंच हे. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका, नाहीतर त्याची थरथर सुईत जाते आणि आवाज घुमतो.

दुसरी सुई. आमच्या यंत्राच्या हातावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं होतं. सुई उडू नये म्हणून पुष्कळ घरांत असं करायचे. पण सुईवर किती भार हवा, ते ग्रॅमात मोजतात. नाण्याचे चार-पाच ग्रॅम वर चढले की सुई खाच खरवडते. बैठक नीट झाल्यावर नाण्याची गरजच उरली नाही. भार मोजायचा असेल तर सोनाराचा छोटा काटा चालतो. किती हवा, ते यंत्राच्या माहितीपत्रकात असतं.

आणखी एक गंमत. सुईजवळ एक छोटी कळ होती. एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तिला जाड टोकाची सुई लागते. ३३ फेऱ्यांच्या एलपीची खाच अरुंद, तिला बारीक टोकाची. आमची कळ एलपीकडं होती. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, कचऱ्यात फिरत होती. कळ फिरवली, पण जाड टोकही झिजलेलं निघालं. पुण्याहून नवी सुई मागवली. दोघींच्या महिन्याच्या बचतीत भागलं.

तिसरी सफाई. बोअरचं पाणी नको. भांड्यांवर पांढरा थर बसतो, तसाच तो खाचेतही बसेल. बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, ॲसिड नव्हे, बाटली वाचून घ्या. त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब. मऊ सुती फडक्यानं खाचेच्या दिशेनं गोल पुसा, मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या फडक्यानं साबण काढा. सावलीत वाळवा, उन्हात तबकडी वाकडी होते. ठेवताना उभी ठेवा, आणि जपून, लाखेची तबकडी पडली की फुटलीच.

स्पीकर सगळ्यात शेवटी. आम्ही जुनाच ठेवला, फक्त सैल तारा घट्ट केल्या. विजेचं काम मात्र बटण बंद करून, पिन काढून, जाणत्याकडूनच करून घ्या.

रथसप्तमीला आत्यांना यंत्राजवळ बसवलं. थोडी खरखर राहिलीच. खाचेचा जो भाग झिजला, तो कुणालाच परत आणता येत नाही. पण शब्द न् शब्द कळत होता. बाहेरून ट्रॉली गेली, सुई हलली नाही. आत्यांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "आई इथं कणीक मळत बसायची." तेवढंच.

ते गाणं आम्ही मोबाईलवर भरून घेतलं. आता रोज ऐकायला मोबाईल, आणि तबकडी सणावाराला. जितकी कमी वाजेल तितकी जास्त टिकेल.

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर असं यंत्र असेल तर भंगारात घालण्याआधी एक करा. झिजल्या सुईनं वाजवून बघू नका, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कुठं आणि कसं ठेवायचात? आमची निम्मी दुरुस्ती आत्यांच्या आईनं कधीच करून ठेवली होती. आम्ही विचारलं मात्र उशिरा, आणि एक तबकडी गमावून.