ललिताबाईंना पाहताना

अभिनेत्री ललिता पवार पुण्यातल्या औंधमध्ये २४ फेब्रुवारी १९९८ रोजी गेल्या. घराघरांत त्यांची ओळख म्हणजे खाष्ट सासू, आणि १९८७ पासून ‘रामायणा’तली मंथरा. या ओळखीपलीकडे त्यांचा अभिनय कसा पाहावा, याबद्दल आज बोलू.

त्या १९१६ साली येवल्यात जन्मल्या. लहान वयातच मूकपटांत आल्या, नायिकाही झाल्या. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात अभिनेते भगवानदादांची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि उपचारांनंतरही डावा डोळा बारीकच राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. लोक म्हणतात, त्या डोळ्यानं त्यांना खलनायिका केलं. मला ते पटत नाही. ‘श्री ४२०’मधली केळेवाली गंगामाई आठवा. डोळा तोच होता, तरी तिची माया कुणाला खोटी वाटत नाही.

त्यांची खरी ताकद भावना रोखून धरण्यात होती. हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’त, १९५९ साली, त्या मिसेस डिसा झाल्या. ही घरमालकीण भाडेकरू राज कपूरवर सारखी खेकसते. तोंडात राग, पण वागण्यात आईपण. जिव्हाळा ती कबूलच करत नाही, म्हणून तो आपण स्वतः शोधतो आणि तो आपलाच होतो. पुढे भेसळीच्या औषधानं ती मरते आणि आळ येतो राजवर. तोवर तिनं आपल्याला त्या घराची सवय लावलेली असते, म्हणूनच नायकाचं दुःख आपल्यापर्यंत पोहोचतं. सहायक अभिनेत्रीचं काम हेच: नायकाच्या भावनेला आधी पाया घालून ठेवायचा. या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

‘प्रोफेसर’मध्ये, १९६२ साली, हेच रोखणं विनोदाला कामी आलं. घरातल्या मुलींना धाकात ठेवणारी ही कडक बाई म्हातारपणाचं सोंग घेतलेल्या शम्मी कपूरवर भाळते. आपण हसतो. पण तिचा कडकपणा त्यांनी इतका खरा केलाय, की ती फसवली जातेय हे जाणवून हसताहसता वाईटही वाटतं.

तेव्हा एक करून पाहा. ‘अनाडी’ लावा आणि बोलणाऱ्या पात्राऐवजी ऐकणाऱ्या ललिताबाईंकडे बघा. मान कधी वळते, खेकसण्याआधी किती थांबतात, नजर कुठे चुकवतात, हे टिपा. मग ‘आनंद’मधली मेट्रन बघा. दिग्दर्शक तोच, आडनावही डिसाच, करडेपणाही तसाच. पण ही रुग्णालयात शिस्त राखणारी बाई आहे. दोघींच्या रागातला फरक तुम्हाला सांगता आला, की कुठल्याही सिनेमातली दुय्यम भूमिका तुम्ही दुय्यम म्हणून पाहणार नाही.