बेकारीचा विमा आणि त्याची मुदतवाढ



कारखान्याला टाळे लागले, की वाण्याची उधारी पहिल्यांदा बंद होते. पोट मात्र बंद होत नाही. ह्या साध्या गोष्टीवर अमेरिकेत जो कायदा उभा राहिला, त्याची हकीकत आज सांगतो. ते भांडवलदारांचे माहेरघर खरे. पण घेण्यासारखे असेल ते तिथूनही घ्यावे.

महामंदीच्या काळात, १९३२ साली, विस्कॉन्सिन राज्याने बेकारी विम्याचा पहिला कायदा केला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने तो देशभर नेला. युक्ती अशी की, केंद्राने मालकांवर पगारावरचा कर बसवला आणि ज्या राज्यात विम्याचा कायदा असेल तेथील मालकाला त्या करात मोठी सूट दिली. १९३७ पर्यंत सगळ्या राज्यांनी कायदे केले. ह्या विम्याचा पैसा मालक भरतो. कामगाराकडूनही वर्गणी घेणारी राज्ये तीनच : अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया.

ज्याचे काम स्वतःच्या दोषावाचून गेले, जो काम करण्यास समर्थ आहे आणि काम शोधतो आहे, त्याला दर आठवड्याला भत्ता मिळतो. अर्ज नाकारला तर अपील आहे. बहुतेक राज्यांत कमाल मुदत २६ आठवड्यांची. फ्लॉरिडात मात्र बेकारीचा दर कमी असला की ती १२ आठवड्यांवर येते.

मुदत संपली आणि काम नाही, तर काय? त्यासाठी १९७० चा मुदतवाढीचा कायदा आहे. राज्यातील विमेदारांच्या बेकारीचा दर १३ आठवड्यांच्या सरासरीने ५ टक्के झाला आणि मागल्या दोन वर्षांतील त्याच काळाच्या १२० टक्के भरला, की आणखी १३ आठवड्यांपर्यंत भत्ता आपोआप सुरू होतो. येथे मेख आहे. बेकारी दोन-तीन वर्षे तशीच वर राहिली, तर ती मागल्यापेक्षा वाढलेली दिसत नाही आणि वाढीव भत्ता थांबतो. म्हणजे दुखणे जुने झाले, की औषध बंद! म्हणून काही राज्यांनी वेगळे निकषही स्वीकारले.

दुसरी वाढ संसदेच्या मर्जीची. २०२० च्या महामारीत केंद्राने आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले, ते जुलैअखेर थांबले. पुढच्या जादा योजना सप्टेंबर २०२१ मध्ये संपल्या. जवळजवळ निम्म्या राज्यांनी तर त्या आधीच सोडल्या होत्या.

आता आपल्या घरात पाहू. कर्मचारी राज्य विमा योजनेत २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. २०१८ साली अटल योजना आली : पगाराच्या २५ टक्के, ९० दिवसांपर्यंत. २०२० मध्ये ते ५० टक्के झाले. पण ही वाढ सरकार पुन्हा पुन्हा मुदत लांबवून चालवीत आले. जे हुकमाने लांबते, ते हुकमाने आखडतेही. आणि ज्याची वर्गणीच ठेकेदाराने भरली नाही, त्याला हा दरवाजाच दिसत नाही.

म्हणून मागणी दोन शब्दांची आहे : कायद्याने आणि आपोआप. आणि ती मान्य होईपर्यंतचे काम आपल्या हातात आहे. उद्या पाळी सुटल्यावर शेजारच्या ठेकेदारी कामगाराला विचारा, "तुझा विमा नंबर काय?" उत्तर आले नाही, तर त्याला युनियनच्या कचेरीत घेऊन या. काम असतानाच हे विचारायचे असते.