औषधाला दाद न देणारा विषाणू आणि आईवरचा ठपका

(येवल्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



तुमच्यापैकी कितीतरी जणी मागावर बसणाऱ्या आहेत. पैठणीत एक धागा चुकला तर तुम्ही तो उसवून पुन्हा भरता. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू यकृतात शिरून रोज स्वतःच्या अब्जावधी प्रती काढतो, पण त्यातल्या चुका दुरुस्त करत नाही. एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. औषध त्याला ज्या जागी अडवतं, ती जागाच बदलते. मग औषध चालू राहतं आणि विषाणूही वाढत राहतो.

माझ्याकडे एक आई आली होती. तिच्या मुलाला लॅमिव्ह्युडिन चालू होतं. दुसऱ्या वर्षी रक्तातला विषाणू पुन्हा वाढला. घरचे, दवाखान्यातले, सगळे तिलाच विचारू लागले, "औषध चुकवलंस ना?" तिनं कॅलेंडरवर रोज खूण केली होती. ती कुणी पाहिली नाही. "आजार तुझ्याकडूनच आला" हा ठपका आधीचाच होता.

खरं काय ते ऐका. मुलांना लॅमिव्ह्युडिन देऊन केलेली एक चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरातच १९ टक्के मुलांमध्ये बदललेला विषाणू सापडला. औषध चुकवू नये हे खरंच, पण न चुकवताही असं घडतं. एन्टेकॅव्हिर आणि टेनोफोव्हिर यांच्यापुढे विषाणूला निसटणं फार अवघड जातं. मात्र लॅमिव्ह्युडिनला दाद न देणाऱ्या विषाणूवर एन्टेकॅव्हिरही कमी पडतं; तिथे टेनोफोव्हिर लागतं. म्हणून पहिलं औषध कोणतं आणि का, हे आपण विचारलंच पाहिजे. लागण झालेल्या प्रत्येक मुलाला लगेच औषध लागत नाही. अनेकांना नियमित तपासणी पुरते.

जन्मताना लागण झाली तर १० पैकी ९ बाळांमध्ये ती कायमची राहते. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत लस हवी, आणि पुढचे डोसही. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिला टेनोफोव्हिर देतात. बाळाला लस मिळाली की अंगावर पाजायला हरकत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ती मागून घ्या. नवऱ्याचीही तपासणी करायला लावा. तपासणीचा निकाल गावभर होणार नाही, याचीही हमी मागा.

त्या मुलाचं औषध बदललं, विषाणू उतरला. आईचं ताट मात्र घरात अजून वेगळंच आहे. एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही. हे तिच्या घरी जाऊन सांगायला माझ्याबरोबर कोण कोण येणार?