चाल कुणाची?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या वरंधच्या गटात जो वाद झाला, तो आज तुमच्या कानावर घालते. विषय निघाला जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्यांचा. सगळ्यात चांगला संगीतकार कोण? एक म्हणाली शंकर-जयकिशन, दुसरी म्हणाली नौशाद. आणि एक आजी म्हणाल्या, "गाणं लताचं. त्यात संगीतकार कुठनं आला?"

तर आधी तेच सांगते. शब्द लिहिणारा वेगळा, गाणारी वेगळी. त्या शब्दांना चाल लावतो, कुठे बासरी आणि कुठे ढोलकी ते ठरवतो, तो संगीतकार. पडद्यावर त्याचं तोंड दिसत नाही, म्हणून आपल्याला नाव माहीत नसतं.

मी 1951 ते 1960 ही दहा वर्षं धरते. त्या काळात आपलं सरकारी रेडिओ खातं बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्र्यांकडे होतं. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. आकाशवाणीवर ती कमी झाली, आणि लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानींची बिनाका गीतमाला तिथूनच, दर बुधवारी रात्री. शेवटी 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली, तेव्हा कुठे आपल्या देशाच्या रेडिओवर ही गाणी मोकळेपणाने आली.

आता माझी निवड. पहिला नंबर सी. रामचंद्र. नाव ऐकून मद्रासकडचे वाटतील, पण ते रामचंद्र नरहर चितळकर, जन्म 1918, गाव नगर जिल्ह्यातलं पुणतांबे. 1951 चा 'अलबेला' त्यांचा. त्याचे नायक भगवानदादा पालव, स्वतः गिरणी कामगाराचा मुलगा. त्यांचा तो सावकाश झुलता नाच लालबाग-परळच्या गणपतीत कामगार नाचत. आपल्या महाड-पोलादपूरचे किती पुरुष तेव्हा त्या गिरण्यांमध्ये होते! पडद्यावर भगवानदादांसाठी गाणारा आवाजही सी. रामचंद्र यांचाच, गाताना ते 'चितळकर' नाव लावत. त्याच सिनेमात लताबाई आणि चितळकर यांनी गायलेली एक अंगाई आहे. तिच्याबद्दल थोडं घरचं सांगायचं आहे.

माझे सासरे परळच्या एका गिरणीत होते. ट्रान्झिस्टर घेऊन ते गणपतीला आणि शिमग्याला गावी येत. खुंटीला टांगलेल्या त्या रेडिओच्या बटणाला सासूबाईंनी हात लावायचा नाही. रजा संपली की सासरे सेल काढून खिशात घालत आणि रेडिओ इथेच ठेवून जात. वर्षातले ते पंधरा-वीस दिवस जे कानावर पडेल तेच. तेही भाकऱ्या थापताना, पडवीत सूप पाखडताना.

माझा थोरला झाला तेव्हा सासूबाई झोळी हलवत ओव्या म्हणायच्या. शब्द जात्यावरचे, माहेरचे, भावाचे. चाल मात्र कुठल्याच ओवीसारखी नाही. मला वाटे, त्यांच्या माहेरची असेल. पुढे एकदा सकाळी रेडिओवर 'अलबेला'ची अंगाई लागली आणि मी तवा उतरवून ऐकत राहिले. हीच ती चाल!

मी म्हटलं, "आई, हे तर सिनेमातलं गाणं. तुमचं नव्हे."

त्या म्हणाल्या, "माजंच हाय. शब्द माजं, पोरं माजी."

हिंदीतला एक शब्द त्यांना कळत नव्हता. फाटक्या-तुटक्या ऐकण्यातून चाल मात्र पक्की उचलली होती. शब्द काढून घेतले तरी जी चाल उभी राहते, ती बांधणारा मोठा. माझं माप एवढंच.

दुसरे वसंत देसाई, आपल्या कोकणातले, कुडाळजवळच्या सोनवड्याचे. 'अमर भूपाळी', 'श्यामची आई', 'झनक झनक पायल बाजे' त्यांचे. 1959 च्या 'गूंज उठी शहनाई'त त्यांनी बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई वापरली. आणि 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ'मधली कैद्यांची प्रार्थना तर तुमच्या-माझ्या मुलांनी शाळेच्या पटांगणात हात जोडून म्हटली आहे. ती वसंत देसाईंची, हे किती जणींना ठाऊक होतं? मला कालपरवापर्यंत नव्हतं. गोव्याचे दत्ता नाईक, म्हणजे 'धूल का फूल'चे एन. दत्ता, यांचंही तसंच.

फिल्मफेअरचं बक्षीस 1954 पासून सुरू झालं. 1960 पर्यंत ते नौशाद, सचिनदेव बर्मन, हेमंतकुमार, शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर आणि सलील चौधरी यांना मिळालं. सगळे मोठेच, तक्रार नाही. पण सी. रामचंद्रांच्या 'अनारकली'चं गाणं 1953 च्या बिनाकाच्या वार्षिक यादीत पहिलं होतं. ऐकणाऱ्यांनी पहिलं ठरवलं, बाहुली दुसऱ्यांच्या घरी गेली.

आणि या सगळ्या यादीत बाई कुठे? 1930 च्या दशकात बॉम्बे टॉकीजला सरस्वतीदेवी होत्या. 'अछूत कन्या'चं संगीत त्यांचं. मग 1959 मध्ये 'दिल देके देखो' घेऊन उषा खन्ना आल्या, तेव्हा त्यांची विशीसुद्धा उलटली नव्हती. पुढे त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. आपल्या लताबाईंनी मराठी सिनेमांना चाली दिल्या, त्या 'आनंदघन' हे पुरुषी नाव घेऊन. का घेतलं असेल, याचा विचार माझ्या मनात येतो. एवढ्या मोठ्या बाईलाही ते घ्यावंसं वाटलं.

सासूबाई आता नाहीत. त्यांच्या ओव्या माझ्या सुनेने मोबाइलमध्ये भरून घेतल्या आहेत. भरून झाल्यावर तिने विचारलं, "याला नाव काय देऊ?" मी सासूबाईंचं माहेरचं नाव सांगितलं, सासरचं सांगितलं, आणि चालीपुढे 'सी. रामचंद्र' लिहायला लावलं.

तुमच्याकडे लावणीच्या वेळी, भोंडल्याला, बाळंतिणीच्या खोलीत म्हटलेलं असं काही असेल, तर पुढच्या खेपेला घेऊन या. म्हणणारीचं पूर्ण नाव विसरू नका. आता 'अलबेला'ची ती अंगाई लावते. ज्यांच्या मांडीवर पोर आहे, त्यांनी आवाज जरा बारीक ठेवा.