पाणी बदललें, डाग राहिला



पोहण्याचा नवा तलाव भरला, पाणी स्फटिकासारखें स्वच्छ दिसलें, संध्याकाळीं जंतुनाशासाठीं त्यांत क्लोरीन घातला, आणि सकाळीं पाहतात तों सारें पाणी फिकट चहासारखें तांबूस झालेलें! चार दिवसांनीं पाणी निवळतें. परंतु तळाच्या पांढऱ्या फरशीवर, पायऱ्यांवर आणि भिंतींच्या सांध्यांवर तपकिरी डाग उमटतात. व्यवस्थापक मंडळी जमते. कोणी क्लोरीनला दोष देतो, कोणी फरशी विकणाऱ्याला. आणि शेवटीं बहुधा एकच ठराव होतो : सगळें पाणी सोडून द्यावें व नवें भरावें. त्याप्रमाणें पाणी सोडलें जातें, नवें भरलें जातें, आणि थोड्याच दिवसांत डाग पुन्हां आपल्या जागीं हजर होतात. असें कां व्हावें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

या डागांचा कर्ता क्लोरीन नव्हे, लोह होय. लोह पाण्यांत दोन रूपांनीं वावरतें. खोल जमिनींत, जेथें हवा पोहोंचत नाहीं तेथें, तें विरघळलेल्या स्थितींत असूं शकतें. या स्थितींत त्याला रंग जवळजवळ नसतो. म्हणून कूपनलिकेचें, म्हणजे बोअरचें, पाणी पेल्यांत घेतलें असतां निर्मळ दिसतें. त्याच पाण्याला हवेंतील प्राणवायु लागला, कीं हें लोह आपलें रूप पालटतें, पाण्यांत न विरघळणारें होतें, आणि गंजाच्या बारीक कणांच्या रूपानें खालीं बसूं लागतें. हवेनें हें काम सावकाश होतें, क्लोरीननें झपाट्यानें होतें. तेव्हां क्लोरीन लोह आणीत नाहीं. आधींच आलेलें लोह तो उघडकीस आणतो. चोर पकडून देणाऱ्यालाच चोर म्हणावें, तसा हा प्रकार आहे.

रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टींतील लोकांना तांबड्या मातीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. जांभ्या दगडाचा रंगच मुळीं लोहाचा; रेडी आणि डिचोली यांचीं नांवें तर लोहखनिजाशींच जोडलेलीं आहेत. तथापि माती तांबडी म्हणून पाणीहि लोहयुक्तच असेल, असें अनुमान काढूं नये. तांबड्या मातींतील लोह आधींच गंजलेलें असतें व तें सहसा पाण्यांत उतरत नाहीं. हवेचा संपर्क तुटलेल्या खोल थरांत मात्र तें विरघळतें. म्हणूनच एकाच आवारांतील उघड्या विहिरीचें पाणी चांगलें, आणि तिच्यापासून चाळीस पावलांवरील बोअरचें पाणी डाग पाडणारें, असें घडूं शकतें. विहिरींत पाणी हवेशीं खेळतें. तेथें लोह तळाशीं बसून जातें.

आतां थोडें गणित. २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद व सरासरी १.५ मीटर खोल अशा तलावांत सुमारें ४ लाख ६९ हजार लिटर पाणी मावतें. लिटरमागें १ मिलिग्रॅम लोह, हें प्रमाण ऐकावयास क्षुल्लक वाटतें. परंतु तेवढ्या पाण्यांत मिळून तें ४६९ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास भरतें. लिटरमागें ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलें, कीं धुतलेल्या कपड्यांवर व न्हाणीघरांतील चिनी मातीच्या वस्तूंवर डाग पडतात, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेंत नमूद आहे.

समजा, असा तलाव पुरा उपसला आणि त्याच बोअरनें पुन्हां भरला. जुन्या पाण्यांतील बरेंचसें लोह आधींच फरशीवर बसून गेलेलें. तें पाण्याबरोबर वाहून जात नाहीं. नव्या पाण्याबरोबर आणखी अर्धा किलो लोह मात्र न बोलावतां येतें. शिवाय उन्हानें दररोज ५ मिलिमीटर पाणी आटलें, तर दीड हजार लिटरांहून अधिक भर रोज घालावी लागते. आणि वाफ होऊन जातांना पाणी आपलें लोह मागेंच ठेवून जातें.

हा प्रश्न केवळ फरशीच्या शोभेचा नाहीं. भारतांतील शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत माणशीं दररोज १३५ लिटर हें प्रमाण धरलें जातें. त्या हिशेबानें असा एक तलाव म्हणजे सुमारें ३,४७० माणसांचें एका दिवसाचें पाणी. चैत्र-वैशाखांत ज्या गांवीं बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, त्या गांवच्या शिवेवर एवढें पाणी डाग न निघतांच गटारांत सोडणें, ही गोष्ट कोणत्या हिशेबांत बसवावी?

पाणी बदलणें नेहमींच चुकीचें, असें मात्र नाहीं. २०१६ सालीं रिओ द जानेरो येथील ऑलिंपिकमध्यें दोन तलावांचें पाणी हिरवें पडलें. त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड घातलें गेल्यानें क्लोरीनचें बळ नाहींसें झालें होतें. तालबद्ध जलक्रीडेच्या स्पर्धा तोंडावर आल्या, तेव्हां त्या तलावांतील सुमारें ३७ लाख लिटर पाणी काढून टाकून सरावाच्या तलावांतील स्वच्छ पाणी तेथें भरण्यांत आलें, आणि स्पर्धा पार पडल्या. तेथें दोष पाण्यांतच होता, व भरण्यास निर्दोष पाणी हाताशीं होतें. या दोन अटी जेथें पुऱ्या होतात, तेथें पाणी बदलण्याचा उपाय फळास येतो.

म्हणून पहिली परीक्षा भरावयाच्या पाण्याची करावी. पांढऱ्या बादलींत तें ताजें घ्यावें, चिमूटभर ब्लीचिंग पावडर घालून रात्रभर ठेवावें. सकाळीं पाण्यास तांबूस झांक आली, किंवा तळाशीं तांबूस गाळ बसला, तर लोह त्या वाटेनेंच येत आहे असें समजावें. दुसरी परीक्षा डागाची. धोतरावरील गंजाचा डाग लिंबू व मीठ चोळून घालविण्याची घरगुती रीत सर्वांस ठाऊक आहे. त्याच न्यायानें फरशीवरील डागावर क जीवनसत्त्वाची गोळी थोडा वेळ धरावी. डाग फिका झाला, तर तो लोहाचा. बादलींतील पाणी निर्दोष निघालें आणि डाग मात्र लोहाचा ठरला, तर गंजलेली नळी, जाळी किंवा पायऱ्यांचा कठडा तपासावा.

बोअरच्या पाण्यांत लोह असल्यास तें तलावांत येण्यापूर्वींच काढणें सर्वांत सोपें. पाणी फवाऱ्यानें वेगळ्या हौदांत पाडावें, म्हणजे त्यास हवा लागते. मग निवळूं द्यावें व वाळूच्या गाळणींतून न्यावें. पाणी आम्लधर्मी असेल तर हें काम फार मंदावतें. अशा वेळीं चुन्यानें आम्लता कमी करावी लागते. आसामांत बोअरच्या लोहयुक्त पाण्यासाठीं वाळू व कोळसा यांच्या गाळण्या घरोघरीं वापरण्याची जुनी चाल आहे. त्यांतील तत्त्व हेंच.

तलाव आधींच भरला असेल, तर क्लोरीन पुरेसा ठेवून लोह गंजूं द्यावें, गाळणयंत्र रात्रंदिवस चालवावें, तुरटीच्या बेताच्या मात्रेनें कण एकवटवावे, आणि तळाचा गाळ न ढवळतां नळीनें ओढून बाहेर टाकावा. उरलेले डाग क जीवनसत्त्वाच्या आम्लानें सुटतात. परंतु तें लोह पुन्हां पाण्यांत उतरतें, व क्लोरीन वाढवितांच परत फरशीवर येऊं पाहतें. येथें पाण्याचा कांहीं भाग बदलणें उपयोगी पडतें. निर्दोष पाण्यानें अर्धा भाग बदलला, तर पाण्यांतील लोह निम्में होतें. पुन्हां अर्धा बदलला, तर पाव उरतें.

आणखी एक सावधगिरी. पावसाळ्यांत भूजल वर आलेलें असतें. अशा वेळीं तलाव रिकामा केला, तर खालच्या पाण्याच्या दाबानें त्याचा तळ उचलला जाण्याची किंवा फुटण्याची भीति असते. तेव्हां पूर्ण उपसा करणेंच भाग असेल, तर भूजल खालीं गेलेलें आहे याची जाणत्याकडून खात्री करून घ्यावी.

बादलीच्या परीक्षेला एक रात्र लागते आणि चिमूटभर पावडर खर्ची पडते. पाणी सोडून देण्याचा ठराव होण्यापूर्वीं मंडळींनीं ती एक रात्र थांबावें.