जागलीला कॅमेऱ्याची साथ



हरभरा घाट्यावर आला, की आपल्या पवनारच्या शिवारात जागली सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर उलथून टाकतो, रोही उभे पीक तुडवतात. दिवसभर राबलेला माणूस रात्री पुन्हा धुऱ्यावर बसतो. त्यात आपल्याच जिल्ह्यातले बोर अभयारण्य 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाले. तेव्हा अंधारात हलले ते डुक्करच, असे धरून चालता येत नाही.

ताडोबालगतच्या सीतारामपेठ गावी 2023 साली कॅमेरे बसले. वाघ दिसला की गावाला इशारा मिळतो. ती वन खात्याची मोठी व्यवस्था. आपल्या वावराला सिमकार्डाचा एक सौर कॅमेरा पुरतो. अंधारातले चित्र घरच्या मोबाइलवर दिसते.

आधी वावरात मोबाइलची रेंज पाहावी. रेंज नसेल तर पैसे घालू नयेत. मग नाल्याकाठी खुरांच्या खुणा शोधून जनावरांची वाट ठरवावी. कॅमेरा त्या वाटेकडे तिरपा, शक्यतो उत्तरेला तोंड करून, आठ-दहा फुटांवर लावावा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतो, म्हणून खड्डा खोल घेऊन काँक्रीट भरावे. समोरचे गवत कापावे. नाहीतर वाऱ्याने पाते हलले तरी रात्रभर फोन वाजेल, बरं का! धाम नदीच्या घाटाकडे किंवा कोणाच्या घराकडे मात्र तोंड नसावे.

पाच वॉटचा कॅमेरा दिवसरात्रीत 120 वॉट-तास वीज खातो. त्याला 40 वॉटचे पॅनेल आणि 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. दोन ढगाळ दिवस निघतात. सतत चित्र पाहिले तर तासाला सुमारे 450 एमबी डेटा जातो. म्हणून हालचाल झाली तरच इशारा येईल, अशी सोय लावावी.

आता मुख्य गोष्ट. इशारा आला म्हणून एकट्याने धावू नये. आधी चित्र पाहावे. डुकरे असतील तर चार जणांनी मिळून, दुरूनच डबे वाजवावेत. वाघ किंवा बिबट दिसला तर घरातच थांबावे, शेजाऱ्यांना फोन करावा आणि वन खात्याच्या 1926 क्रमांकावर कळवावे. ते चित्र गावभर पाठवू नये. बघ्यांची गर्दी जमली की माणूस आणि जनावर दोघेही बिथरतात. पिकाचे नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत तक्रार द्यावी. पंचनाम्याच्या वेळी कॅमेऱ्याचे चित्र दाखवता येते.

आणि कुंपणाच्या तारेत वीज कधीही सोडू नये. त्या तारेला डुक्कर, शेजाऱ्याचा बैल आणि आपले पोर सारखेच.

मंडळी, कॅमेरा पीक राखत नाही, तो फक्त पाहतो. पण अंधारात काय उभे आहे हे घरी बसून कळले, तर जागलीला गेलेला माणूस सकाळी सुखरूप घरी येतो. हे काय कमी झाले?

राम राम.