पाणी जातं कुठे?



माझी व्हॅन २००६ सालची, डिझेल. सीटा काढून आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी मी स्वतः बसवली. पहाडात आईला थंडी वाजू नये म्हणून मागे हीटरही बसवला. इंजिनातलं गरम कूलंट तिथवर नेणारे दोन पाइप फळीखालून काढले. हे पाइप लक्षात ठेवा.

त्यानंतर कूलंट कमी व्हायला लागलं. आठवड्याला अर्धा लिटर. गाडीखाली थेंब नाही. मी नळाचं पाणी भरत राहिलो. गॅरेजवाल्याने आधी रेडिएटर बदलला, मग वॉटर पंप. पैसे गेले आणि पाणीही जातच राहिलं. आई दोनदा म्हणाली, "अरे, गाडीत काहीतरी गोडसर वास येतो." मी म्हटलं, "तुझ्या लाडवांच्या डब्याचा असेल."

धुळ्याहून इंदूरला परतताना, भेरूघाटाच्या चढावर काटा लाल पट्ट्यात गेला. बाजूला थांबलो, फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला. आई ओरडली, "कुकर असा उघडतोस का?"

आईचं बरोबर होतं. ते झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. आत दाब राहतो, म्हणून कूलंट शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि सगळं उसळून तोंडावर येतं. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. आम्ही दीड तास झाडाखाली बसलो.

घरी आल्यावर ठरवलं, आता अंदाजाने एकही पार्ट बदलायचा नाही. कूलंट तीनच वाटांनी जातं. पहिली बाहेर: होजच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, वॉटर पंपाखालचं बारीक भोक. थेंब दिसला नाही तरी वाळलेला हिरवा किंवा गुलाबी डाग दिसतो. एसीचं पाणी मात्र बिनरंगाचं, बिनवासाचं. त्याला घाबरू नका. दुसरी वाट इंजिनाच्या आत: एक्झॉस्टमधून न थांबणारा पांढरा धूर, ऑइल दुधाळ, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. असं असेल तर हेड गॅस्केट तपासा आणि गाडी चालवू नका. तिसरी वाट केबिनमध्ये: ओला गालिचा, काचेवर चिकट वाफ आणि गोडसर वास.

प्रेशर टेस्टर आणला. हा हातपंप थंड इंजिनावर झाकणाच्या जागी बसतो. झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरायची, जास्त नाही. पंधरा मिनिटांत काटा खाली आला, पण पुढे सगळं कोरडं. मग मागच्या हीटरचे दोन्ही पाइप चिमट्याने दाबून बंद केले आणि पुन्हा हवा भरली. काटा हलला नाही!

फळी उचलली. पत्र्याच्या भोकाच्या कडेवर घासून पाइपला चीर गेली होती. गळलेलं कूलंट गादीखालचा फोम पीत होता. ते भोक मीच पाडलं होतं. त्यात रबरी ग्रोमेट घालायला विसरलो होतो. दहा-वीस रुपयांची वस्तू.

नवा पाइप, ग्रोमेट, नव्या क्लिपा. नळाचं पाणी काढून टाकलं, कारण त्याने कूलंट पातळ होतं आणि आत क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून अडकलेली हवा काढली. थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहिली. फोम फेकून दिला, कारण कूलंट विषारी असतं आणि गोड चवीमुळे कुत्री ते चाटतात.

आता दर प्रवासाआधी मी टाकीवरच्या खुणेचा फोटो काढतो. आणि निघताना आईला विचारतो, "वास येतोय का गं?"